पार्बताबाईचे सोयरे

वऱ्हाडात पाहुण्याला आधी पाणी देतात आणि मग त्याची उलटतपासणी घेतात. गाव कोणतं, आजोळ कुठलं, बहिणीला कुठे दिली, आणि ती अमक्या गावची तुमची मावशी म्हणजे आमच्या तमक्याची चुलत सासू तर नव्हे? विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. नातं सापडलं की तो मांडीवर थाप मारतो आणि चहा मागवतो. पण ज्याला सापडायचं नसतं, तो पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आधीच उठायचं निमित्त शोधतो. मी आणि हरिहर अकोल्यात राहायला आलो तेव्हा आम्हाला पोलिसांपेक्षा जठारपेठेतल्या ओट्यांवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांची भीती जास्त वाटायची.

मी गोपाळकृष्ण, शाळामास्तर. हरिहर एका वकिलाकडे कारकून, कारंजाच्या भिक्षुक घराण्यातला. वर्ध्याला शिकताना आमची ओळख झाली आणि ती पुढे सुटली नाही. आम्ही एकमेकांवाचून राहू शकत नव्हतो, याहून जास्त त्यात सांगण्यासारखं काही नाही. हरिहरच्या वडिलांना कुणकुण लागली तेव्हा त्यांनी पोराच्या नावाने आंघोळ केली. माझ्या घरी कळायच्या आतच मी घर सोडलं. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती, सगळीकडे नव्या गोष्टी चालल्या होत्या, पण दोन बिनलग्नाचे बाप्ये एका खोलीत का राहतात हा प्रश्न मात्र जुनाच होता. घरमालकाने विचारलं की हरिहर सांगायचा, मित्र आहोत. मी घाबरून सांगायचो, लांबचे नातेवाईक आहोत. घरमालक दोघांकडे आळीपाळीने बघायचा आणि काही न बोलता निघून जायचा. त्याचं ते न बोलणं मला दिवसभर पुरायचं.

त्या दिवसांत आम्ही पार्बताबाईच्या खानावळीत जेवायला लागलो. ब्राह्मणाच्या पोरांनी कुणब्याच्या चुलीवरचं जेवायचं म्हणजे तेव्हा लोकांच्या भुवया चढायच्या. आम्हाला ते बरंच होतं. लोकांची नजर त्या लहान पापावर अडकून राहायची आणि मोठ्यापर्यंत पोचायची नाही.

पार्बताबाई म्हणजे उंच, हाडापेराची, सावळी बाई. तरुणपणी नवरा गेला, दिरांनी शेतातून काढलं, मग चांदूर बाजारकडचं गाव सोडून ती अकोल्यात सरकी काढायच्या जिनात कापूस निवडायला आली. तिथेच तिला पंचफुला भेटली. पंचफुला तेल्हाऱ्याकडची. नवऱ्याने टाकलेली की तिनेच नवऱ्याला टाकलेलं, हे तिने कधी नीट सांगितलं नाही. दोघींनी मिळून जठारपेठेत दोन खोल्यांची खानावळ काढली. गल्लीला ठाऊक होतं की पंचफुला ही पार्बताबाईच्या मेलेल्या नवऱ्याची बहीण, म्हणजे तिची नणंद.

नणंद-भावजय इतक्या गोडीने राहतात याचाच एकदा गल्लीला संशय आला होता म्हणे. तेव्हापासून दोघी रोज दुपारी ओट्यावर येऊन कडाकडा भांडायच्या. मिठावरून, सरपणावरून, काही नसलं तर मांजरावरून. "तुह्या भावानं मले काय देल्लं वो? तुले देल्लं माह्या गळ्यात बांधून!" असं पार्बताबाई हात नाचवत म्हणायची आणि बाया दारादारांतून मजा बघायच्या. भांडण आटोपलं की दोघी आत जाऊन एका ताटात जेवायच्या. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला सगळं समजलं, आणि मी पाहिलं हे पार्बताबाईलाही समजलं.

तिने मला आत बोलावलं. "मास्तर, तुमी दोघं कोन लागता?"

मी घाम पुसला. "लांबचे नातेवाईक."

"हरीभाऊ तं मित्र म्हने." तिने कपाळावर हात मारला. "असे मरसान तुमी. बसा. आजपासून तुमी मावसभाऊ. तुमच्या माया सख्ख्या बहिनी. मावसभावाचं आडनाव येगळं, गोत्र येगळं, कोनी खोलात जात नाई. आता सांगा, तुमच्या आज्याचं नाव काय?"

तिच्या खानावळीला आमच्यासारखे बरेच जण येत. रविवारी दुपारी गिऱ्हाईक पांगलं की मागच्या खोलीत आम्ही जमायचो. संस्था म्हणावी तर पाटी नव्हती, वर्गणी नव्हती, अध्यक्षबिध्यक्ष कुणी नव्हता. पार्बताबाई आम्हाला नुसतं 'सोयरे' म्हणायची. तिचं काम एकच, माणसांना नाती वाटणं. कुणाला आतेभाऊ दिला, कुणाला भाचा, कुणाला मामा. शकुन नावाची एक मास्तरीण होती, तिचं लग्न मोडायला पार्बताबाई तिची मावशी होऊन गेली आणि हुंड्यावरून असा गोंधळ घालून आली की वरपक्ष जेवायलाही थांबला नाही. कुणी दवाखान्यात पडला की तिचा कुणीतरी 'पुतण्या' उशाशी बसायला जायचा. आणि दर रविवारी पाठांतर. ती मधेच बोट रोखायची, "तुह्या आजोळचा बैलाचा पोया कोनत्या पटांगनात भरते?" उत्तर अडखळलं की ती आरडायची. शाळेत मी पोरांना इतका धाक कधी घातला नाही.

तो धाक कशासाठी होता ते देवमनच्या बाबतीत कळलं. देवमन जिनात फिटर, गमत्या, तोंडाचा जरा सैल. त्याला पार्बताबाईने एकाचा आतेभाऊ केला होता आणि दोघं मजेत राहत होते. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला आत्याचं गाव विचारलं. देवमन गडबडला आणि त्याच्या तोंडून स्वतःचं खरं गाव गेलं. आठवडाही झाला नसेल, भरदुपारी त्याचे भाऊ बैलबंडी घेऊन आले. त्याला दोरीने बांधून बंडीत घातला आणि नेला. गल्लीने विचारलं तर भाऊ म्हणाले, याचं डोकं फिरलंय, लगीन लावलं की ठिकाणावर येईल. वर्षभराने तो बायकोला घेऊन बाजारात दिसला. मी हाक मारली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बायकोला म्हणाला, चाल लवकर. त्या दिवशी मी घरी येऊन दार लावून बसलो.

आणि अशात नत्थुजी आले.

नत्थुजी चांदूर बाजारकडचे, पांढरं धोतर, डोक्याला फेटा, दम्याने छाती भाता झालेली. औषधासाठी ते जठारपेठेत लेकीच्या घरी येऊन राहिले होते. पण लेकीच्या घरचं अन्न बापाने खायचं नाही, हा त्यांचा नेम. म्हणून निजायला लेकीचा ओटा आणि जेवायला पार्बताबाईची खानावळ. पहिल्याच दिवशी ते पाटावर बसले, पार्बताबाईने त्यांना पाहिलं आणि तिचा पदर आपोआप डोक्यावर गेला. ते तिच्या सासरच्या गावचे होते. तिच्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढलेलं होतं.

"किसनाची बायको ना वो तू? पार्बता!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती वर्सानं दिसली बाई!"

दुष्ट माणसापासून पळता तरी येतं. प्रेमळ म्हाताऱ्यापासून कुठे पळणार? नत्थुजींना सोयरीक जुळवण्याचा नाद होता. काही लोक पत्ते खेळतात तसे ते नाती खेळायचे. रोज जेवायला आले की एक-एकाला धरायचे. मला विचारलं, हरिहरला विचारलं. पाठांतर कामी आलं, पण आम्ही भाकरी अर्धी टाकून उठायला लागलो. आणि एका दुपारी ताक पिता पिता त्यांचं लक्ष पंचफुलेकडे गेलं.

"हे कोन वो पार्बता?"

"नणंद होय, मामाजी."

"कोनाची?"

"माही."

नत्थुजींनी वाटी खाली ठेवली. "किसनाले बहीण नोती ना."

खानावळीत तेव्हा आम्ही दोघं आणि ते, एवढेच होतो. चुलीवर भाकरी करपत होती, पण पार्बताबाई जागची हलली नाही. मग म्हणाली, "चुलत."

"किसनाच्या चुलत्याले लेकरूच नोतं." म्हाताऱ्याचा आवाज चढला नव्हता, त्याला फक्त हिशेब लागत नव्हता. तो पंचफुलेकडे बघत राहिला, मग तिच्या हाताला लागलेल्या पार्बताबाईच्या हाताकडे. सुपारी तोंडात टाकून लेकीच्या घराकडे गेला.

त्या लेकीची सासू म्हणजे दुर्गाबाई. गल्लीचं तोंड. तिच्या कानावर गेलेलं संध्याकाळपर्यंत टिळक रस्त्यावर पोचायचं. आमची सगळ्यांची नाती पार्बताबाईशी बांधलेली होती. कुणी तिचा भाचा, कुणी तिच्या भाच्याचा मावसभाऊ. तिचीच नणंद खोटी ठरली तर आमच्यापैकी एकही खरा राहणार नव्हता. माझी शाळा, हरिहरचं काम, शकुनचं बिऱ्हाड, सगळं एका म्हाताऱ्याच्या सुपारीत अडकलं होतं. हरिहर म्हणाला, आपण आजच निघून जाऊ. मी म्हणालो, आज निघालो तर आजच कळेल. आम्ही दोघं खोलीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येक बंडीचा आवाज ऐकत राहिलो.

नत्थुजी दुसऱ्या दिवशी आले, जेवले, काही बोलले नाहीत. त्यानंतरही तेच. बोलून मोकळे झाले असते तर बरं, असं मला वाटायला लागलं.

त्याच आठवड्यात पंचफुलेला ताप भरला. वैशाखाचं ऊन, घरात वारा नाही, आणि ताप उतरेना. डॉक्टर मुदतीचा ताप म्हणाले. पार्बताबाई एका हाताने भाकऱ्या थापायची आणि मधेच आत जाऊन तिच्या कपाळावरची पट्टी बदलायची. ओट्यावरचं भांडण बंद पडलं. दुर्गाबाई येऊन म्हणाली, "काहून वो, आता गोडी लागली?" पार्बताबाई हसली. असं हसू मला कुणाच्या तोंडावर पुन्हा दिसू नये.

एका सकाळी पंचफुला गेली.

बाया जमल्या. पार्बताबाई भिंतीला टेकून बसली होती. पंचफुलेच्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात पोत होती. दुर्गाबाईने तेच धरलं. "सवाष्ण बाई हाय. नवरा जिता हाय. त्याच्याबिगर अग्नी कोन देईन? सासरी माणूस धाडा. कोनतं गाव वो हिचं सासर?"

पार्बताबाईने वर बघितलं. तिला गाव ठाऊक होतं. पण तो नवरा आला असता तर त्याने उंबऱ्यावरच विचारलं असतं, ही भावजय कोण? माझ्या बायकोला तर भाऊच नव्हता. मी दारात उभा होतो, मी चौकट धरली.

"सांग ना वो," दुर्गाबाई म्हणाली. मग तिला आठवलं. "आमचे इवाई हायेत ना, सुनेचे बाप! ते तुह्याच सासरच्या गावचे. त्याइले तं सारं ठावं असन."

नत्थुजी गर्दीतून पुढे आले. धाप लागली होती. सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. जन्मभर या माणसाने नात्यात खोटं सांगितलं नव्हतं, आणि त्याला ते जमणारही नव्हतं, असं मला वाटलं. त्यांनी पंचफुलेकडे बघितलं, मग भिंतीशी बसलेल्या पार्बताबाईकडे.

"आमच्या किसनाची बहीण," ते म्हणाले. "हिच्या लग्नात म्या अक्षता टाकल्या. नवऱ्यानं दुसरी केली, हिले हाकललं. तो कायले येते? मी गावचा मोठा माणूस इथं उभा आहो. मी देतो अग्नी."

दुर्गाबाई मागे सरली. माझ्या मागून हरिहर तिरडीसाठी बांबू आणायला निघाला. आम्ही वाचलो होतो, सगळेच्या सगळे.

पण ज्याने खोटं उचललं त्याला ते शेवटपर्यंत न्यावं लागतं. मसणातून परत आल्यावर नत्थुजी ओट्यावर उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पार्बता, लगन झालेली नणंद होय. तिचं सुतक तिच्या सासरी. तुले नाई. आंग धू, चूल पेटव. लोक उपाशी हायेत."

मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि त्यांचा गळाही धरावासा वाटला.

पार्बताबाई उठली. अंगावर पाणी घेतलं, चूल पेटवली. मेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून त्या माणसांना कडू घास भरवतात. इथे मात्र मेलं ते माणूस तिचं नव्हतंच, म्हणून कुणी काही आणलं नाही. तिने स्वतःच बेसन कालवलं, भाकऱ्या थापल्या आणि आमच्या ताटांत वाढल्या. हरिहरने पहिला घास मोडला आणि तो हात तिच्या तोंडाकडे न्यायला लागला. तिने डोळ्यांनीच त्याला अडवलं. बाहेर गिऱ्हाईक बसलं होतं. "जेवा," ती म्हणाली, "आन् लवकर आटपा. पंगती खोळंबल्या." ती रडली नाही. त्या दिवशीही नाही, पुढेही नाही. नणंदेसाठी कोण किती रडतं, हे गल्ली मोजत होती.

पुढच्या रविवारी पाठांतर झालं नाही. तिने आम्हा दोघांनाच थांबवून घेतलं. हरिहरला विचारलं, "हरीभाऊ, तुमी बामन. मावसभावाचं सुतक किती?"

"दीड दिवस."

"आन् सख्ख्या भावाचं?"

"दहा."

ती चुलीतली राख उकरायला लागली. "मी चुकली," ती म्हणाली. "मी नातं असं पाह्यलं का कोनाले शंका येऊ नये. मरनाचा इचारच नाई केला. मले वाटलं, जगता आलं म्हनजे झालं." मग माझ्याकडे वळली. "मास्तर, इथून जा. अमरावतीले जा, तिथं तुमाले कोनी वळखत नाई. तिथं सख्खे भाऊ व्हा. इथं रायले तं मावसभाऊच मरसान."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"माह्यं झालं," ती म्हणाली.

आम्ही अमरावतीला अंबागेटजवळ दोन खोल्या घेतल्या आणि शिकवण्या सुरू केल्या. हरिहरने माझं आडनाव घेतलं. लग्नात बाईचं बदलतं तसंच ते बदललं, अक्षता तेवढ्या पडल्या नाहीत. भीती काही गेली नाही. कुणी नवा माणूस ओट्यावर टेकला की आम्ही दोघं एकाच आईची गोष्ट सांगायचो आणि आत येऊन एकमेकांचे हात धरून बसायचो. पण दिवस गेले. वर्षं गेली. लोक आम्हाला राम-लक्ष्मण म्हणायला लागले, आणि त्याची आम्हाला लाजही वाटायची आणि हसूही यायचं.

सहासष्टच्या हिवाळ्यात हरिहर गेला. शिकवणीत पोरांना संस्कृत सांगता सांगता छातीला हात लावला आणि संपला.

त्या वेळी मला समजलं पार्बताबाईने आम्हाला काय दिलं होतं ते. मी जमिनीवर कांबळं टाकून पडलो आणि कुणी मला उठवलं नाही. शेजारच्या अनुपमाबाई दोन्ही वेळा ताट आणत होत्या. "भाऊ गेला हो तुमचा, पाठचा भाऊ," असं म्हणून माणसं येत होती आणि मी त्यांच्यासमोर तोंड उघडून रडत होतो. कितीही रडलो तरी ते भावासाठी जास्त होत नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी दारात पार्बताबाई उभी राहिली. केस पांढरे, पाठ वाकलेली. कुणाकडून कळलं कोण जाणे. आत बाया बसल्या होत्या. ती उंबऱ्याच्या आत आली, हरिहरच्या जागी लावलेल्या दिव्याकडे तिने बघितलं आणि खाली बसली. आणि मग तिने जो टाहो फोडला, तो मी अजून विसरलेलो नाही. भिंतीवर डोकं टेकवून, छाती बडवून, "माय वो, गेली वो" म्हणत ती रडत राहिली. गेला नव्हे, गेली. बायांना वाटलं म्हातारीला शोकात भान नाही. तिच्या लुगड्यावरून, बोलण्यावरून ती आमच्या जातीची नव्हे हे उघड होतं. एकजण दुसरीच्या कानाशी कुजबुजली. मग अनुपमाबाईंनी मला विचारलं, "मास्तर, या कोण तुमच्या?"

जन्मभराच्या सवयीने जिभेवर नातं आलं. मावशी, आत्या, आईची मानलेली बहीण, सगळी तयार होती. पार्बताबाईनेच घटवून घेतलेली.

"त्यांच्याही घरचं माणूस गेलंय," मी म्हणालो. "रडू द्या त्यांना."

बोलून गेलो आणि घाबरलो. आता पुढचा प्रश्न येणार, कोण गेलं, कधी गेलं, काय लागत होतं. अनुपमाबाईंनी माझ्यासाठी आणलेलं ताट पुढे ओढलं. काही न विचारता त्यांनी त्यातली भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि पार्बताबाईच्या तोंडाजवळ नेली.

पार्बताबाईने तोंड उघडलं आणि तो घास घेतला.